पूल, चेरी, बोगदा: बर्लिनमधल्या एका फेरीच्या नोंदी

प्रकल्प: घराजवळची एकच वाट, पूर्ण वसंत
ठिकाण: गेझुंडब्रुनेन, बर्लिन
कालावधी: मार्च ते मे २०२५

स्वरूप आणि नियम

हिवाळ्यात या भागात राहायला आले. आधीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे पळायला जंगल होतं, आणि जंगलात दर वेळी नवी पायवाट शोधायची असते या समजुतीपायी निम्मा वेळ फोनवरच्या नकाशात जायचा. इथे जंगल नाही. रेल्वेचे रूळ आहेत, त्यांच्यावरून जाणारे पूल आहेत, एक बोगदा आहे, आणि बर्लिनची भिंत जिथे उभी होती तो लांबलचक पट्टा आहे.

वाट अशी: बेलरमानश्ट्रासेवरून निघून बोर्नहोल्मर श्ट्रासे, मग ब्योझे पूल ओलांडून जुन्या पूर्व बर्लिनमध्ये. तिथून रुळांच्या कडेने नॉर्वेगर श्ट्रासेवर दक्षिणेला, श्वेड्टर श्टेग हा पादचारी पूल, माउअरपार्क ही बाग टोकापर्यंत जाऊन परत, ग्लाइम बोगद्यातून पुन्हा पश्चिमेत आणि स्विनेम्युंडर पुलावरून घरी. पाच किलोमीटरच्या आतबाहेर. वाटेत भिंतीची रेषा दोनदा ओलांडली जाते, जाताना वरून आणि येताना खालून.

नियम तीनच. वाट बदलायची नाही, उलट दिशेनेही पळायचं नाही. कानात काही घालायचं नाही. आणि वेग लिहायचा नाही. वेग, ठोके, चढ हे सगळं ॲपमध्ये साठतंच. पण गेल्या बुधवारी वाटेत काय होतं असं विचारलं, तर ते आकडे गप्प बसतात. म्हणून या नोंदी.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाची बर्लिनमध्ये २०१९ पासून सार्वजनिक सुट्टी असते, यंदा ती शनिवारी आली. म्हणजे फुकट गेली, असं ऑफिसातला प्रत्येक माणूस म्हणून झालाय. हवा मात्र सुट्टीसारखी होती. ऊन चांगलं, पुलावर वारा जवळजवळ नाही.

झाडं अजून नागडी आहेत. हाझेल या झुडपाच्या फांद्यांना लटकलेले पिवळे तुरे फुलून सुकायला लागलेत. खाली गवतात पांढरे श्नेग्ल्योकशेन, म्हणजे स्नोड्रॉप, संपत आलेत आणि जांभळे-पिवळे क्रोकस वर येतायत. घाईत पाहिलं तर हिवाळा, थांबून पाहिलं तर नाही.

११ मार्च, मंगळवार

आज फक्त खडी. हिवाळ्यात पादचारी वाटांवर माणसं घसरू नयेत म्हणून बारीक खडी टाकतात. मिठाने झाडांची मुळं मरतात, म्हणून फुटपाथवर मीठ टाकायला मनाई आहे. बर्फ गेला तरी ती खडी अजून तशीच आहे. बर्लिनच्या फुटपाथची रचना अशी: मधे मोठ्या सपाट फरशा, दोन्ही बाजूंना मुठीएवढ्या दगडांची नक्षी. पळायचं ते मधल्या फरश्यांवर. आणि खडी नेमकी त्यांच्याच सांध्यांत साठलेली. बुटाच्या तळव्यातल्या खाचांत तीन-चार खडे अडकून घरापर्यंत येतात आणि जिन्यात टकटक वाजतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा दार उघडून कोण आहे ते पाहिलं. आता दाराबाहेर उभं राहून चावीच्या टोकाने खडे काढते.

१९ मार्च, बुधवार

पुलाबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढे लिहायला नको.

ब्योझे पूल १९१६ मध्ये खुला झाला. लोखंडी कमानी, त्यांच्यावर बोटाच्या पेरापेक्षा जाड रिव्हेटांच्या रांगा. शहराचे दोन तुकडे झाल्यावर इथे सीमेचं नाकं होतं. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री प्रवासाचे नियम सैल झाल्याची बातमी टीव्हीवरून आली, लोक इथे जमत गेले, वरून स्पष्ट हुकूम येईना. साडेअकराच्या सुमाराला नाक्यावरचे अधिकारी हाराल्ड येगर यांनी फाटक उघडायला सांगितलं. त्या रात्री सगळ्यांत आधी पूर्ण उघडलं ते हे नाकं. खालचं एस-बानचं, म्हणजे शहरातल्या लोकल गाड्यांचं, स्टेशन १९६१ पासून बंद होतं, गाड्या तिथे न थांबता जायच्या. ते डिसेंबर १९९० मध्ये पुन्हा सुरू झालं. पुलाच्या पूर्व टोकाला भिंतीचा एक तुकडा ठेवलाय, फलक आहेत, जुने फोटो आहेत.

पहिल्या काही फेऱ्यांत हे सगळं डोक्यात असायचं. इथे लोक रडले असतील, इथे गाड्यांची रांग लागली असेल. मग हळूहळू पूल चढ झाला. पश्चिमेकडून येताना जमीन नकळत वर जाते, आणि दुसऱ्या कमानीच्या आसपास माझा श्वास तुटतो. तिथे रिव्हेटांवरचा हिरवट रंग पोपडे धरून सुटलाय, त्याच्याकडे बघत मी श्वास जुळवते. इतिहासाचा असा चढ झाला याचं मला वाईट वाटत नाही. उलट पर्यटक बसमधून उतरून हा पूल बघतात तेव्हा त्यांना चढ जाणवत नसेल, असंच मनात येतं.

२३ मार्च, रविवार

पुलाच्या पूर्व टोकाजवळ क्लाइनगार्टन आहेत. शहरातल्या, स्वतःची बाग नसलेल्या लोकांना नाममात्र भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे, असं म्हणता येईल. त्यांना राष्ट्रीय कायदा आहे, १९८३ चा. खोपट २४ चौरस मीटरपेक्षा मोठं नको, जमिनीचा एक भाग फळं-भाज्यांसाठीच हवा, खोपट्यात कायमचं राहायचं नाही. कुंपणही ठेंगणं ठेवावं लागतं, त्यामुळे पळताना आतलं सगळं दिसतं. जर्मन माणूस इतकं उघड्यावर दुसरं काही करत नसेल.

आज त्यातल्या एका कुंपणावर फोरझीथिया फुललं. पानाचा पत्ता नाही, नुसत्या पिवळ्या काठ्या. आतले आजोबा सुतळीने काहीतरी बांधत होते. मी रोज इथून जाते हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसतं, कारण मान वर न करताच म्हणाले, "हे फुललं, आता गुलाब छाटायचे."

"याच्यावरून कळतं?" मी जागच्या जागी पळत विचारलं.

"मग? तुम्ही कशावरून छाटता?"

माझ्याकडे गुलाब नाहीत हे सांगायच्या आत ते खोपट्यात गेले.

घरी आल्यावर वाचलं. जर्मन हवामान खातं वर्षाचे चार नाही, दहा ऋतू मोजतं, आणि तारखेवरून नाही, झाडांवरून. हाझेल फुललं की वसंताची पूर्वतयारी. फोरझीथिया फुललं की पहिला वसंत. सफरचंद फुललं की भरातला वसंत. एल्डर, म्हणजे होलुंडर, फुललं की वसंत संपला आणि उन्हाळ्याला सुरुवात. देशभर हौशी निरीक्षक या तारखा टिपून खात्याला कळवतात. मला हे फार आवडलं. आपल्याकडे दोन-दोन महिन्यांचे सहा ऋतू पंचांगात असतात, पण प्रत्यक्षात उन्हाळा, पावसाळा आणि थोडीशी थंडी. वसंत ऋतू शाळेच्या निबंधात भेटायचा, कोकिळेसकट. बाहेर तेव्हा ऊन तापलेलं असायचं आणि परीक्षा सुरू असायची. ऋतू असा हप्त्याहप्त्याने येतो, आणि त्याचे हप्ते एका पाच किलोमीटरच्या वाटेवर गाठता येतात, हे मला इथेच कळलं.

तेव्हा प्रकल्पाला शेवटही मिळाला: होलुंडर फुलेपर्यंत.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा, आणि घड्याळ एक तास पुढे नेण्याचा दिवस. दोन्ही एकाच तारखेला. रात्री दोनचे तीन वाजले, म्हणजे नव्या वर्षाची सुरुवातच एक तास गमावून. सूर्य पावणेसातनंतर उगवला. काल सहाला उजाडायला लागलं होतं, आज सहाला पुन्हा अंधार.

आईला फेरीच्या आधीच फोन केला.

"इतक्या लवकर कशी उठलीस ग?"

"लवकर नाही, आई. आजपासून आपल्यात साडेतीनच तासांचं अंतर. कालपर्यंत साडेचार होतं."

"म्हणजे तू एक तास जवळ आलीस."

तिचा हिशेब नेहमी असाच असतो. गुढी उभारून झाली होती, कडुलिंब वाटून झाला होता, बाबा श्रीखंडाची वाट बघत होते. मी म्हटलं, पळून येते. ती म्हणाली, पाडव्याला कुठे पळतेस?

नॉर्वेगर श्ट्रासेवर चेरीच्या झाडांना कळ्या धरल्यात. खोडाची साल पाहायला थांबले. आडव्या रेघा, जणू कुणी खिळ्याने ओरखडलंय, आणि एके ठिकाणी पिवळट डिंक सुटून काचेसारखा घट्ट झालेला. नखाने दाबला तर दबत नाही.

बराच काळ पाऊस नाही. मातीचे पट्टे पांढरे पडलेत, माउअरपार्कात धूळ उडते.

६ एप्रिल, रविवार

बर्लिनची अर्धमॅरेथॉन. ओळखीतले निम्मे लोक तिथे, काही पळायला, काही टाळ्या वाजवायला. मला विचारलं होतं, नाही म्हटलं. अर्धमॅरेथॉनशी माझं वैर नाही. पण त्याच्या तयारीचं वेळापत्रक सांगतं की आज अमुक वेगाने तमुक अंतर; आणि मग वाट ही फक्त ते अंतर ठेवायची जागा होते.

थंडी होती, बोटं गारठली. वाट रिकामी. आज रामनवमी आहे हे दुपारी फोनवर आलेल्या फोटोंवरून कळलं.

११ एप्रिल, शुक्रवार

श्वेड्टर श्टेग उतरलं की डाव्या-उजव्या बाजूला मुलांसाठी शेत आहे, बकऱ्या-घोडे असलेलं, आणि चढायला बांधलेला सिमेंटचा कडा. त्याच्या पुढे भिंतीच्या मोकळ्या पट्ट्यावर बर्चची दाट राई. पांढरी खोडं, आणि आता त्यांवर पोपटी धुकं. दिसायला इतकं सुंदर की मी दोनदा थांबले. त्यानंतरची पंधरा मिनिटं शिंकण्यात गेली.

बर्चचे परागकण. पहिल्या एक-दोन वर्षी काही झालं नाही, आणि मग एका एप्रिलमध्ये डोळे चुरचुरायला लागले. इथे येऊन राहिलेल्या पुष्कळांचं असं होतं. शरीर आधी ओळख करून घेतं, मग भांडायला लागतं. डॉक्टर बाईंनी गोळी दिली आणि सांगितलं, शहरात सकाळी हवेत पराग कमी असतात, संध्याकाळी जास्त. पळायचं असेल तर सकाळी पळा. आल्याबरोबर केस धुवा, पळण्याचे कपडे झोपायच्या खोलीत नेऊ नका. सगळं पाळते. फक्त राई टाळून पुढे जा असंही त्या म्हणाल्या होत्या, ते मात्र वाटेच्या नियमात बसत नाही. तोंडावर रुमाल बांधून जाते.

त्याच राईच्या सावलीत दुसरी एक गोष्ट: कांद्या-लसणाचा वास. गवतासारखी पात आणि छोटी पांढरी घंटेसारखी फुलं, पायाखाली आली की वास उठतो. कॉकेशसकडून आलेली ही पात बर्लिनच्या बागांत अशी पसरलीय की इथल्या वनस्पतींना जागा उरत नाही. माणसं पिशव्या घेऊन तोडायला येतात, पेस्टो करतात. सकाळी रिकाम्या पोटी पळताना लसणाचा वास म्हणजे छळ आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

चेरी.

सोमवारी कळ्या गडद होत्या, मंगळवारी काही फुटल्या, आज सगळी नॉर्वेगर श्ट्रासे गुलाबी. ही साधी पाच पाकळ्यांची फुलं नव्हेत. एकेका फुलात पाकळ्यांचे थर, घोसाने लटकलेले, आणि त्यांच्यामधून निघणारी कोवळी पानं तांबूस. कान्झान जातीची झाडं अशी असतात. फळ धरत नाहीत. सगळा जोर फुलांवर.

भिंत पडल्यावर जपानच्या टीव्ही आसाही वाहिनीने प्रेक्षकांना देणगी मागितली, बर्लिनच्या भिंतीच्या पट्ट्यावर चेरी लावण्यासाठी. सुमारे १४ कोटी येन जमले. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये मिळून नऊ हजारांहून जास्त झाडं लागली, पहिली नोव्हेंबर १९९० मध्ये ग्लिनिके पुलापाशी. पहारेकऱ्यांच्या गस्तीसाठी रिकामा ठेवलेला पट्टा पुढे झाडं लावायला आयता मिळाला, हे त्यातलं व्यवहाराचं अंग. कुठेही दाटीवाटीच्या शहरात अशी सरळ मोकळी पट्टी मिळाली नसती.

सकाळी साडेसहाला मी, एक कुत्रेवाली आणि तिपाई लावून बसलेला एक माणूस. फांद्या इतक्या खाली आल्यात की उंच माणसाला वाकून पळावं लागेल. मला नाही, हा माझ्या उंचीचा या देशात मिळालेला पहिला फायदा.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. वाट हातची गेली. सकाळी आठलाच नॉर्वेगर श्ट्रासेवर इतकी गर्दी की पळणं सोडा, चालता येईना. साड्या नेसलेल्या मुली, नवरा-नवरीची जोडी, जपानी पोशाख भाड्याने आणलेले, ड्रोन उडवणारा एक. फांदी हलवून पाकळ्या पाडणाऱ्या मुलाला एका आजीबाईंनी जर्मन पद्धतीने झापलं, म्हणजे आवाज न चढवता आणि संपेपर्यंत. या सगळ्यांवर रागावायचा मला काय हक्क? पण रागावले. मार्चमध्ये काठ्या होत्या तेव्हा यांतलं कुणी नव्हतं.

वाट न बदलण्याचा नियम होता, म्हणून चालत गेले.

२४ एप्रिल, गुरुवार

क्लाइनगार्टनमध्ये सफरचंद फुललं. कळी बाहेरून गुलाबी, उमललं की आतून पांढरं. खात्याच्या हिशेबाने भरातला वसंत. चेरीच्या पाकळ्या गटाराच्या जाळ्यांवर साचून तपकिरी लगदा झालाय, गर्दी गेली.

आणि नाइटिंगेल आला. ऐकायला आला म्हणायचं, दिसला नाही. रुळांच्या उतारावर, बोरीसारख्या काटेरी झुडपांच्या गचपणात. बर्लिन हे या पक्ष्याचं शहर आहे. हजाराहून जास्त जोड्या इथे घरटी करतात, कारण इथल्या बागा आणि रेल्वेचे उतार फारसे कुणी साफ करत नाही. नगरपालिकेच्या आळसाचा असा उपयोग. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडून एप्रिलमध्ये येतो, नर गातो, आणि जोडीदार न मिळालेला नर रात्रभर गातो.

गाणं म्हणजे गोड लकेर असेल असं वाटलं होतं. तसं नाही. एक लांब शीळ, हळूहळू चढत जाणारी. मग अचानक टक-टक-टक, मग घुंगरू हलवल्यासारखं काहीतरी, मग पूर्ण थांबणं. ते थांबणं सगळ्यांत भारी. खालून एस-बान गेली की तो आवाज चढवतो. शहरातले नाइटिंगेल गोंगाटात मोठ्याने गातात हे इथे बर्लिनमध्येच मोजलं गेलंय. मी कठड्याला टेकून उभी राहिले तेवढ्यात घाम वाळला आणि हुडहुडी भरली.

१ मे, गुरुवार

उकडलं. पहिल्यांदाच बिनबाह्यांचा टी-शर्ट. इथे कामगार दिन, घरच्या ग्रुपवर महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. माउअरपार्कात आदल्या रात्रीच्या बाटल्या, आणि त्या गोळा करणारी दोन माणसं. रिकामी बाटली दुकानात परत दिली की पैसे मिळतात, म्हणून लोक बाटल्या कचराकुंडीत न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात. वेचणाऱ्याला हात घालावा लागत नाही. काचांवरून सांभाळून पळाले.

८ मे, गुरुवार

युद्ध संपल्याला ८० वर्षं झाली म्हणून यंदापुरती बर्लिनला सुट्टी. वाटेतल्या एका दारासमोर फुटपाथमध्ये बसवलेल्या पितळी पाट्या आहेत, दहा सेंटीमीटर चौरस. नाझींनी नेलेल्या माणसांची नावं, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं. गुंटर डेम्निग या कलाकाराने नव्वदच्या दशकात सुरू केलेलं काम. एरवी त्या काळपट असतात आणि मी लय न मोडता बाजूने जाते. आज कुणीतरी घासून लख्ख केल्या होत्या, शेजारी पांढरे गुलाब. थांबून वाचल्या. एकाच घरातली नावं, शेवटचं मूल शाळेच्या वयाचं.

पुढे बोगद्यापर्यंत चालले.

संध्याकाळी छपरांवरून स्विफ्ट पक्षी किंचाळत गेले. यंदाचे पहिले, मला दिसलेले.

१३ मे, मंगळवार

आजोबांच्या बागेत टोमॅटोची रोपं अजून कुंड्यांत, खोपट्याच्या भिंतीला टेकवून. "थंडीचे संत" चालू आहेत, ११ ते १५ मे. पाच संतांचे पाच दिवस, शेवटचा "थंड सोफी"चा. तोवर रोप जमिनीत लावलं तर रात्रीच्या गारठ्याने जातं अशी समजूत, आणि यंदा रात्री खरंच गार आहेत. पहाटे श्वासाची वाफ दिसली. पहिल्या तारखेला उकडलेला हाच तो महिना.

"शुक्रवारी लावणार," आजोबा म्हणाले. मग माझ्या बुटांकडे बघून, "हे झिजलेत. टाच बघा."

बघितली. बाहेरची कड घासून गेलीय.

२० मे, मंगळवार

कावळ्याने टपली मारली.

स्विनेम्युंडर पुलाच्या अलीकडे, लिंडनच्या झाडाखाली. मागून आला, आवाज न करता. डोक्यावर पंखाचा फटका आणि नखांचा ओरखडा, आणि मग समोरच्या दिव्याच्या खांबावर बसून ओरडा. इथला कावळा राखी पाठ-पोटाचा, डोकं-पंख-शेपूट काळी. आपल्या कावळ्याची मान राखी असते, याने सगळं जाकीटच राखी घातलंय. मे-जूनमध्ये पिल्लं उडता येण्याआधीच घरट्यातून खाली उतरतात, आणि त्यांच्याजवळून जाणारा, त्यातही पळणारा, माणूस आईबापांना शत्रू वाटतो. पिल्लू होतंही, मोटारीखाली. निळसर डोळे, तोंड उघडलं की आतून गुलाबी. त्याला हात लावायचा नाही.

शेजारच्या माणसाने उपाय सांगितला: हात डोक्यावर धरा आणि त्याच्याकडे बघत चाला, तो समोरून मारत नाही. खरं आहे. तोंड वर करून, एक हात डोक्यावर ठेवून उलटी चालत पूल चढले. स्विनेम्युंडर पुलाला लोक "दशलक्षी पूल" म्हणतात, १९०५ मध्ये दहा लाखांवर मार्क खर्च झाला म्हणून. एवढ्या महागड्या पुलावर माझ्याइतकं हास्यास्पद कुणी गेलं नसेल. आईला सांगितलं तर म्हणाली, "अंघोळ कर आणि देवापाशी दिवा लाव." दोन्ही केलं.

२५ मे, रविवार

पाऊस, शेवटी. मार्च जर्मनीत नोंदलेल्या सर्वांत कोरड्या मार्चांपैकी एक ठरलाय, एप्रिल-मेही फार ओले नव्हते. माउअरपार्काच्या टोकाहून परतताना सर सुरू झाली आणि ग्लाइम बोगद्यात शिरेपर्यंत निथळत होते.

बोगदा शंभरेक मीटरपेक्षा थोडा जास्त. वर एके काळी मालगाड्यांचे रूळ होते. खाली ओतीव लोखंडाचे खांब, दगडी रस्ता. भिंतीच्या काळात बंद. जुलै २०१६ च्या पावसात इथे इतकं पाणी भरलं की उभ्या मोटारी वाहून एकमेकींवर चढल्या. आज तसं काही नव्हतं, फक्त टोकाला पाण्याचा पडदा. आत आम्ही पाच-सहा जण: एक पळणारा, दोन सायकली, बाबागाडीवाली बाई आणि पिझ्झा पोचवणारा मुलगा, ज्याचा मराठी फोन मला ऐकू आला. "अरे, बोगद्यात अडकलोय यार, थांब जरा." मी बघितलं, त्याने बघितलं.

"पुण्याच्या का?" त्याने विचारलं.

"नाही. नाशिक."

"मी सांगलीचा. तुम्ही रोज पळता का इथून? मी बघितलंय तुम्हाला. चेरीपाशी रुमाल बांधून."

इथे शिकायला आलाय, हे अर्धवेळचं काम. पाऊस जरा कमी झाल्यावर पिझ्झा गार होईल म्हणून निघाला. ओल्या दगडांवर सायकल घसरते, जपून जा म्हटलं. "हो ताई," म्हणाला आणि जोरात गेला.

३० मे, शुक्रवार

दोन गोष्टी एकाच वेळी. रोबिनियाची झाडं फुललीत, रुळांच्या दोन्ही उतारांवर, आणि पुलावर मधासारखा जड वास. आणि स्टेशनच्या जिन्यामागे होलुंडर: थाळीएवढे पांढरे सपाट घोस, एकेक फूल टाचणीच्या डोक्याएवढं. एक घोस तोडून वास घेतला. रोबिनियाइतका गोड नाही, जरा उग्र.

म्हणजे खात्याच्या हिशेबाने वसंत संपला, नोंदीही इथेच.

आता पाचच्या आत उजाडतं. सातला निघालं तरी ऊन लागतं, तेव्हा वेळ सहावर आणावी लागेल. बूट नवे घेतलेत. जुने आजोबांनी मागून घेतले, बागेत घालायला. टोमॅटो जमिनीत लागलेत.